सीट सोडण्याबाबतचा ठराव

शेळगावच्या शिवारात कालव्याच्या अलीकडच्या वस्तीवर राहणाऱ्या कुमारी स्वरूपा राजवर्धन, वय वर्षे दहा, हिला सायकल चालवता येत नाही, ही बाब उन्हाळी सुट्टीच्या आरंभी तिच्या कुटुंबाच्या निदर्शनास आली. जूनपासून ती पाचवीत जाणार होती. पाचवीची शाळा गावात, आणि वस्तीवरच्या पोरी कालव्याच्या रस्त्यानं सायकलवर शाळेला जात. स्वरूपाला त्यांच्याबरोबर जायचं होतं. तिची मागणी एवढीच होती.

शेजारच्या समाधानची मुलगी मोनाली आधीच शिकली होती. समाधान वीज कार्यालयात नोकरीला. तो सायकल दाराशी टेकवून ड्युटीवर गेला, आणि परत येईपर्यंत मोनालीचे दोन्ही गुडघे फुटले होते व तिला सायकल येत होती. या पद्धतीला कसलाही शास्त्रीय आधार नसल्यामुळे तिचा इथं विचार करण्याचं कारण नाही.

मी कळस गावचा. या घराशी माझी जुनी ऊठबस. आता या वयात नवीन खोटं रचायचं म्हणजे धाप लागते, म्हणून जे झालं तेच सांगतो. फार तर पायलीचं दीड पायली करून सांगेन.

पहिला प्रयत्न राजवर्धननं, म्हणजे बापानं, एकट्यानं केला. सीट धरून तो पोरीमागं पळाला आणि मधेच हात काढून घेतला. सायकल बरीच लांब सरळ गेली. तेवढ्यात दारातून तिची आई राजलक्ष्मी ओरडली, "अहो, सोडली का काय?" आणि तिच्या मागून आजी द्वारकाबाई म्हणाल्या, "पोरगी मारतोस व्हय रं?" या दोन आवाजांनी स्वरूपानं मागं बघितलं आणि ती जनावरांच्या घासाच्या वाफ्यात पडली. लागलं काहीच नाही. अंगावरचा घास झटकत ती हसत उठली.

"पप्पा, परत सोडा."

पण परत सोडायचा योग आला नाही. कारण त्याच दिवशी तिचे आजोबा, जोतीराम आबा, बारामतीत एक व्याख्यान ऐकून परतले.

आबा एका सहकारी संस्थेचे माजी संचालक. माजी हे फक्त संस्थेपुरतं, घरात ते चालूच होते. व्याख्यानाचा विषय होता 'मुलाच्या विकासात कुटुंबाची भूमिका'. तज्ज्ञ बाईंनी सांगितलं की घरातल्या प्रत्येकाची भूमिका ठरलेली असावी. हे आबांना मनापासून पटलं. व्याख्यानाचा उत्तरार्ध 'पालकांनी बाजूला कधी व्हावं' असा होता म्हणे, पण तोवर जेवणाची पंगत बसली होती आणि आबा पहिल्याच पंगतीला होते.

"आबा, निस्ती सायकलच शिकवायची हाय," राजवर्धन म्हणाला. "रोज सकाळी मी धरतो. चार दिसांत शिकंल."

"तू धरणार, ते कुठल्या अधिकारात?"

"बाप हाय की मी तिचा."

"बाप हायेस," आबा शांतपणे म्हणाले. "पदाधिकारी न्हाईस."

आमच्या भागात दोन माणसं एका दिशेनं चालायला लागली की संस्था होते, आणि तिसरं येऊन मिळालं की दोन पॅनेल होतात. त्यामुळे 'कुमारी स्वरूपा सर्वांगीण विकास मंडळ, शेळगाव' स्थापन झालं यात नवल काहीच नव्हतं. पोटनियम आबांनी एका बैठकीत सांगितले. घरातली मोठी माणसं सभासद. सभासदांतून संचालक. स्वरूपा ही लाभार्थी. लाभार्थीला मताचा अधिकार नाही, कारण लाभार्थीला मत दिलं तर संस्था चालत नाही, हा आबांचा आयुष्यभराचा अनुभव.

बातमी लोणी भापकरला पोचली आणि स्वरूपाचे मामा विजयसिंह मोटारसायकलवरून हजर झाले.

"पोरीच्या विकासात आमच्या घराला काय स्थान हाय का न्हाय, एवढं इचारायला आलोय," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "चहा नको."

"स्थान हाय की पाव्हणं. लग्नात," आबा म्हणाले.

झालं. मामांनी माहेरकडचं पॅनेल उभं केलं. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून मला कळसहून बोलावणं आलं, कारण मी दोन्हीकडचं खाल्लेला माणूस. आबांना चिन्ह मिळालं हवा भरायचा पंप, मामांना सायकलची घंटी. मतदार पाच, आबा, द्वारकाबाई, राजवर्धन, राजलक्ष्मी आणि मामा, आणि पाचही जण उमेदवार. प्रचार स्वयंपाकघरातून ओट्यावर आणि ओट्यावरून स्वयंपाकघरात असा जोरात चालला. मतदान जवळ येताच मामांनी रिवाजाप्रमाणे मतदार सहलीला नेला, म्हणजे द्वारकाबाईंना लोणी भापकरला मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला नेलं, फोन बंद करून ठेवला आणि रोज पुरणपोळी घातली. आबांनी दोन दिवस स्वतःच्या हातानं चहा केला आणि मग तडजोडीची भाषा सुरू केली.

या काळात स्वरूपा एकटीच अंगणात सायकलवर बसून घंटी वाजवत असे. एका पॅनेलचं चिन्ह मतदारांसमोर वाजवणं म्हणजे आचारसंहितेचा उघड भंग. मला नाइलाजानं घंटीवर फडकं बांधावं लागलं.

"तात्या, मी तर निस्ती वाजिवती," ती म्हणाली.

"सगळ्यांचं असंच असतं बाय," मी म्हणालो.

शेवटी निवडणूक बिनविरोध झाली. आबा अध्यक्ष, मामा उपाध्यक्ष, बाकीचे तिघे संचालक. लोकशाहीत बिनविरोधाला आमच्याकडं फार मान, कारण त्यात सगळेच निवडून येतात. दारात फ्लेक्स लागला. त्यावर आबा पुरुषभर उंच, मामा कमरेपर्यंत, बाकीचे गोल चौकटीत. खाली उजव्या कोपऱ्यात, खिळा ठोकला होता तिथं, स्वरूपाचा पासपोर्ट फोटो आणि 'लाभार्थी' असा शब्द. नारळ सायकलच्या हँडलवर फोडला. हँडल वाकलं, पण शुभकार्यात एवढं धरायचं नसतं.

मग प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली. खातेवाटपानुसार सीट राजवर्धनकडे, हँडल मामांकडे, पेडल राजलक्ष्मीकडे. पेडलनं पोरीची नडगी सोलवटते, हे तिनं सप्रमाण मांडलं होतं, म्हणून पेडल न फिरू देणं हे तिचं काम. आबा बाजूनं चालत 'सरळ', 'सावकाश' आणि 'थांबा' अशा सूचना देत. द्वारकाबाईंना पळवत नसे, पण त्यांना वगळणं शक्य नव्हतं. त्यांना कॅरिअर देण्यात आलं. कॅरिअर सांभाळायचं म्हणजे त्यावर बसायचं, असा त्यांनी अर्थ लावला आणि त्या बसल्या. पुढे सायकल उभी असली तरी त्या उतरत नसत. पद एकदा सोडलं की परत मिळत नाही, हे त्या चाळीस वर्षं आबांकडूनच ऐकत आल्या होत्या.

स्वरूपा मधे बसलेली असे. तिच्या हाताला हँडल लागत नव्हतं, पायाला पेडल लागत नव्हतं आणि मागं आजीचे गुडघे टोचत होते.

"मी काय करू?" तिनं विचारलं.

"तू विकास करून घे," आबा म्हणाले.

प्रगती अपेक्षेपेक्षा कमी दिसल्यामुळे अभ्यास दौऱ्याचा विषय निघाला. मंडळ कोकणात गेलं. गाडीत जागा नसल्यामुळे लाभार्थीला समाधानच्या घरी ठेवलं. चार दिवस मासळी खाऊन संचालक मंडळ असा निष्कर्ष घेऊन परतलं की समुद्राच्या वाळूत मूल पडलं तरी त्याला लागत नाही. लगोलग अंगणात वाळूचे डंपर रिकामे झाले. वाळू कुठून आली हे कुणी विचारू नये, आमच्या भागात तो प्रश्न असभ्य समजला जातो.

वाळूत सायकल रुतली. चाक फिरेना. यावर तोडगा अगदी तर्कशुद्ध निघाला. सायकल वाळूला टेकूच द्यायची नाही. मामांनी पुढून उचलली, राजवर्धननं मागून, राजलक्ष्मीनं मधून. द्वारकाबाई कॅरिअरवर होत्या त्या तशाच वर गेल्या.

"आत्याबाई, घडीभर उतरा की," मामा घाम पुसत म्हणाले.

"का? अविश्वास ठराव आणताय व्हय?"

मामांनी पुन्हा पुढचं चाक उचललं. अशा रीतीनं सायकल हवेत, पोरगी सायकलवर आणि आजी पोरीमागं, अशा फेऱ्या सकाळ-संध्याकाळ अंगणात सुरू झाल्या. वार्षिक अहवालात नमूद झालं की मंडळाच्या स्थापनेपासून आजतागायत एकही अपघात झालेला नाही. पाहायला शेळगावातून माणसं येऊ लागली. एका गृहस्थानं तर आपल्या मुलासाठी पोटनियमांची प्रत मागितली.

असा मे सरला. शाळा सोमवारवर आली. त्या शनिवारी स्वरूपानं हवेतूनच आबांना विचारलं.

"आबा, सोडणार कधी?"

"काय सोडणार?"

"मला."

सायकल थांबली, म्हणजे उचलणारे थांबले.

"हा विषय पत्रिकेवर न्हाय," आबा म्हणाले.

"सोमवारी समद्या पोरी सायकलवर जाणार हायत. मला येत न्हाय तर मी कशी जाऊ?"

"तू गाडीतनं जायचंस. आमी समदे येणार हाय सोडायला. वर्गापतूर."

स्वरूपाचा चेहरा एकदम उतरला. शाळेच्या फाटकात गाडी थांबली आहे, पाच मोठी माणसं उतरताहेत, कुणी दप्तर धरलंय, कुणी बाटली, कुणी तिचा हात, आणि आजी बाकावर तिच्या शेजारी बसायचा हक्क सांगते आहे, हे सगळं तिला दिसलं असावं. मला तरी स्वच्छ दिसलं. तिनं ओठ घट्ट मिटले. रडली नाही. रडली असती तर त्यावरही उपसमिती झाली असती, एवढं तिला कळायला लागलं होतं.

राजवर्धनला ते बघवलं नाही. "आबा, ऐनवेळचा इषय म्हणून घेऊ या का?" तो हळूच म्हणाला. आबांनी फार विचार करून परवानगी दिली. रविवारी दुपारी सभा बोलावली गेली. विषय एक: सीट सोडणेबाबत. निरीक्षक म्हणून मी.

रविवारी जेवणात आमरस होता. आमरसानंतर मामा ओसरीवर आडवे झाले, द्वारकाबाई भिंतीला टेकून झोपी गेल्या आणि राजलक्ष्मीची भांडी उरकायची होती. सभेला आबा आणि राजवर्धन दोघंच. आबांनी घड्याळ पाहिलं आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब केली. तीच सभा अर्ध्या तासानं, त्याच ठिकाणी, गणपूर्तीचं बंधन न ठेवता घेण्यात येईल, असंही जाहीर केलं. आमच्याकडच्या सगळ्या मोठ्या सभा त्या अर्ध्या तासानंतरच होतात. आधीची सभा चहासाठी असते.

मी चहा घेऊन पायरीवर बसलो. स्वरूपा शेजारी बसली होती. तेवढ्यात मोनाली सायकलवरून आली आणि एक पाय टेकून उभी राहिली.

"तुझी कुठं हाय?"

"वाळूत."

"मग माझी घे की."

"धरायला कोण?"

मोनालीला प्रश्नच कळला नाही. "कशाला?" ती म्हणाली.

स्वरूपानं माझ्याकडं बघितलं. "तात्या, सभा किती येळ चालंल?"

"ऐनवेळचा इषय हाय. दिस मावळंल."

"मग जाऊ?"

"मला काय इचारू नको. निरीक्षकाला अधिकार न्हाय."

त्या वाक्याचा अर्थ तिनं बरोबर लावला. दोघी कालव्याकडं गेल्या. मी चहा संपवला आणि आत जाऊन बसलो.

तोवर बाकीचेही उठून आले होते, आणि सभा खरोखर गंभीर झाली. आबांनी प्रास्ताविकात मंडळाच्या वाटचालीचा आढावा घेतला. मामांनी सीट टप्प्याटप्प्यानं सोडावी, आधी डावी बाजू मग उजवी, अशी सूचना मांडली. राजलक्ष्मीनं आधी एक तज्ज्ञ समिती नेमावी म्हणून आग्रह धरला. राजवर्धन हाताची बोटं मोडत म्हणाला, "सोडली आन पडली तर?"

द्वारकाबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "आन सोडली आन न्हाय पडली तर? मग आपुन काय करायचं दिसभर?"

इतिवृत्तात हे वाक्य घेतलं गेलं नाही. आबांनी दोनदा चष्मा पुसला.

अखेर उन्हं उतरताना ठराव झाला. 'कुमारी स्वरूपा हिच्या सायकलीची सीट, हँडल, पेडल व कॅरिअर मंडळाच्या ताब्यातून एकाच वेळी मुक्त करण्यात यावीत.' सूचक विजयसिंह, अनुमोदक राजलक्ष्मी. आबा म्हणाले, मंजूर? सगळे म्हणाले, मंजूर, मंजूर. राजलक्ष्मीनं डोळ्याला पदर लावला.

मंडळ अंगणात आलं. सायकल होती तशी वाळूत उभी होती. मामांनी हँडल धरलं आणि नजर हँडलवर ठेवली. राजवर्धननं सीटचा मागचा भाग पकडला आणि नजर पकडीवर ठेवली. राजलक्ष्मीनं पेडल धरलं. द्वारकाबाईंनी कॅरिअरला शेवटचा हात लावला. आबा चाकाच्या रेषेकडं बघत उभे राहिले. प्रत्येक जण आपापलं खातं अगदी मन लावून बघत होता. सायकलवर कोण बसलंय, हे बघायचं खातं कुणालाच दिलेलं नव्हतं.

"सोडा," आबा म्हणाले.

सगळ्यांनी एकाच वेळी सोडलं. सायकल जागच्या जागी डावीकडं कलली आणि वाळूत आडवी झाली.

"बघा," आबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुःख होतं पण सुटकाही होती. "म्हणत हुतो का न्हाय मी. पोरीची तयारी न्हाय अजून."

"घाई केली आपुन," मामा म्हणाले.

"माझं लेकरू ते," राजलक्ष्मी म्हणाली आणि तिनं पेडल पुसलं.

तिथंच उभ्यानं दुसरा ठराव झाला. मंडळाला लाभार्थीच्या दहावीपर्यंत मुदतवाढ. सर्वानुमते. द्वारकाबाई कॅरिअरवर पुन्हा विराजमान व्हायला निघाल्या.

एवढ्यात कालव्याच्या भरावावरून एक सायकल आली. उन्हाविरुद्ध असल्यामुळे चेहरे दिसत नव्हते. पुढं बसलेली पोरगी उभी राहून पेडल मारत होती. गुडघ्याला माती, वेणी सुटलेली. मागं कॅरिअरवर दुसरी बसलेली, दोन्ही हात पसरून. सायकल वळणावर थोडी डुलली आणि परत सरळ झाली.

आबांनी कपाळावर हात आडवा धरला. बराच वेळ बघत राहिले.

"ह्याला म्हणायचं पोरगी," ते म्हणाले. "कुणाची का असंना. धरायला माणूस न्हाय, का काय न्हाय. किती राबलं आसंल तिच्या घरचं तिच्यामागं."

"वळण घरचंच लागतं, आबा," मामा म्हणाले.

"आमच्या स्वरूला कधी यायचं असं," राजलक्ष्मी म्हणाली.

पुढच्या पोरीनं एक हात सोडून आमच्याकडं बघत हलवला. राजवर्धन क्षणभर डोळे बारीक करून बघत होता. मग त्यानंही हात हलवला. मग मामांनी, राजलक्ष्मीनं, आबांनी. द्वारकाबाईंनी तर "सावकाश गं बाय" असंही म्हटलं. लोकांच्या पोरांशी आपण सगळेच फार चांगले वागतो.

मी ओळखली होती. बोललो नाही. सभेचं कामकाज संपलं होतं, आणि मला चहा यायचा होता.

तुम्हाला हसू आलं असेल, येऊ द्या. पण हे वाचायला घेतलंत तेव्हा तुमच्या गुडघ्याशी एक पोर काहीतरी दाखवायला येऊन उभं राहिलं होतं. मुलांच्या विकासाविषयीच वाचतोय, एवढं संपू दे, असं तुम्ही त्याला म्हणालात. संपलं. आता जरा मान वर करून बघा, ते तिथं आहे का.